वाघनाळ मोडला बारा मिनिटं

“पुढं सरका की हो, पुढं सगळं मोकळंच हाय,” अंबिका दारातून म्हणाली. हे धादांत खोटं होतं. लातूरहून नांदेडला निघालेल्या त्या गाडीत चाकूर यायच्या आधीच मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. भाऊबीज म्हणजे एस.टी.चा खरा सण. निम्म्या बाया माहेरी निघालेल्या, निम्मे भाऊ बहिणीच्या गावाला निघालेले, प्रत्येकाच्या मांडीवर फराळाचा डबा आणि दर दोघांमागे एक पोर. तिकिटाचं मशीन डोक्याच्या वर धरून अंबिका त्या गर्दीतून वाट काढत होती आणि खाकी बाहीला लागलेला चिवडा झटकत होती.

वीस वर्षं ती वाहकाचं काम करत होती. भाऊबिजेची रजा मिळवायला आगारात काय काय सोंगं होतात ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. कुणाची सासू नेमकी त्याच दिवशी आजारी पडायची, कुणाची कंबर आदल्या संध्याकाळी धरायची. अंबिका मात्र गेली नऊ वर्षं आपणहून सांगायची, “माझी ड्युटी लावा.” साहेबांना तिचं कोण कौतुक. दिवाळीच्या गर्दीत केलेल्या कामाबद्दल तिला एकदा प्रमाणपत्रही मिळालं होतं. ते तिनं घरी नेऊन गव्हाच्या डब्याखाली सारलं. नवऱ्यानं भिंतीवर लावू म्हटलं, तर त्याच्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

आज गाडीत एक नवल होतं. तिसऱ्या रांगेत खिडकीशी एक परदेशी बाई बसली होती. साठीची, आखूड पांढऱ्या केसांची, मांडीवर भलीमोठी पिशवी घेतलेली. नाव इनेस, देश चिली. बिदरचा किल्ला बघून ती उदगीरमार्गे लातूरला आली होती आणि आता नांदेडचा गुरुद्वारा बघायला निघाली होती. एवढी माहिती पहिल्या अर्ध्या तासातच मागच्या सीटपर्यंत पोचली, कारण इनेस आपल्या भाषेत फोनशी बोलायची आणि फोन ते मराठीत करून मोठ्यानं सांगायचा. फोनमधली बाई फार शुद्ध बोलायची.

“मी दिव्यांचा उत्सव पाहण्यासाठी इतक्या दूर आले आहे,” फोन म्हणाला.

“हिची मराठी आमच्या गावच्या मास्तरापेक्षा चोख हाय,” दांडीला लोंबकळणारा एक टोपीवाला म्हणाला, आणि आजूबाजूचे हसले. इनेसही हसली. तिच्या हातात तोवर तीन घरचा चिवडा आणि दोन घरच्या करंज्या जमल्या होत्या. नको म्हणायची सोय नव्हती. एका करंजीला हो म्हणून दुसरीला नाही म्हटलं, तर दुसरीच्या घरचा अपमान होतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण समोरच्या चेहऱ्यांवरून समजलं होतं.

तिची एक तक्रार होती. गेले तीन दिवस तिनं दिवे पाहिले ते बहुतेक विजेच्या माळांचे. लातूरच्या लॉजमध्ये फटाक्यांनी डोळ्याला डोळा लागला नाही. आणि आज सकाळी रस्त्यावर पाहते तर सगळी आवराआवर. “उत्सव आता समाप्त झाला आहे का?” फोननं विचारलं.

“समाप्त कशाचा? आज तर बायांची खरी दिवाळी,” तिच्या शेजारची ऋतुजा म्हणाली. ऋतुजा लोह्याला माहेरी चाललेली, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. तिनं फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन भाऊबीज समजावून सांगितली. बहीण भावाला पाटावर बसवते, कुंकू लावते, दिव्यानं ओवाळते, मग भाऊ ताटात काहीतरी ओवाळणी घालतो. इनेसनं ते दोनदा ऐकलं. मग ती एकेकीला विचारत सुटली, तुम्हाला भाऊ किती, थोरला की धाकटा, ओवाळणीत काय देतो. बायांनाही रंग चढला. एकीच्या भावानं मागच्या वर्षी मिक्सर दिला होता, एकीचा अजून मागच्या वर्षीची साडी घेऊन येतोय.

अंबिका तिकिटं फाडत तिथवर आली तेव्हा फोन तिच्याकडे वळला. “आपल्याला भाऊ आहेत का?”

“न्हाई,” अंबिका म्हणाली.

नऊ वर्षं ती हेच सांगत होती. आता ते इतकं सरावाचं झालं होतं, की मशीनमधून तिकीट निघावं तसं तोंडातून निघायचं. ती पुढच्या माणसाकडे वळणार, तेवढ्यात पहिल्या सीटवरून एक म्हातारा आवाज आला.

“न्हाई कसा गं, गुरुपादप्पाच्या लेकी? वाघनाळचा संगमेश कोण हाय मंग तुजा?”

ती गंगम्मा होती, वाघनाळची, ऐंशीच्या घरातली. लातूरला चढली तेव्हाच अंबिकानं तिला ओळखलं होतं. तिचं म्हाताऱ्यांचं फुकट तिकीट फाडून हातात दिलं होतं आणि दोघींनी एकमेकींना ओळख दाखवली नव्हती. म्हातारी तासभर गप्प बसली, हेच खरं तर आश्चर्य. गाडीतल्या सगळ्या माना अंबिकाकडे वळल्या. खोटं बोलताना सापडलेला कंडक्टर लोकांना रोज कुठे बघायला मिळतो?

“काकी, गप बसा,” अंबिका म्हणाली.

“मी कामून गप बसू? माझं तिकीट फुकट हाय, तोंड न्हाई.”

गाडी हसली. अंबिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इनेस सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिनं फोन पुढे केला. “कृपया मला सांगा, काय घडले?”

सांगण्यासारखं फार नव्हतं, आणि अंबिकानं आजवर ते कुणाला सांगितलंही नव्हतं. पण भर गाडीत उघडं पडल्यावर झाकायचं तरी काय? शिवाय तिला राग आला होता, आणि रागात तिची जीभ सरळ चालायची. दांडीला पाठ टेकून ती बोलू लागली. वडील गेले, त्याला महिना झाला होता. ती लातूरच्या स्टँडवर दोन फेऱ्यांच्या मध्ये चहा पीत उभी होती. गावचा एक माणूस आला आणि त्यानं टाईप केलेला कागद पुढे केला. हक्कसोड. वडिलांच्या जमिनीवरचा हक्क मी भावाला सोडून देत आहे. “इथं सही करा ताई, संगमेशभाऊनं धाडलंय,” म्हणाला. पेनसुद्धा घेऊन आला होता.

“मला जमीन नको होती,” अंबिका म्हणाली. “देवाशप्पत नको होती. तो सोता आला असता, म्हणला असता, आक्का, काय करू, तर मी तिथंच सही ठोकली असती. त्यानं विचारलंच न्हाई. परक्याच्या हातानं पेन धाडला. मी कागद वापस केला.”

मग पुढचं आपोआप झालं. बहीण जमिनीवर टपून बसली, असं गावात झालं. पुढच्या भाऊबिजेला तो आला नाही, तीही गेली नाही. दोघंही गुरुपादप्पाचीच, मान वाकवायची कुणी? त्यानंतर दर भाऊबिजेला ती लातूर-नांदेड गाडीवर असायची. गाडी वाघनाळ मोडवरून, म्हणजे गावच्या फाट्यावरून, जायची आणि ती नेमकी त्याच वेळी मशीनमध्ये डोकं घालून उभी राहायची.

“मॅडम, रागाऊ नका, पण बहिणीनं सोडून द्यावं. माहेर राहतंय त्यानं,” टोपीवाला म्हणाला. दोन-चार पुरुषांनी माना डोलावल्या. “सगळ्याच सोडतात,” त्यांतला एक म्हणाला.

हे फोननं इनेसला तिच्या भाषेत सांगितलं. ती विचारात पडली. मग तिनं काहीतरी विचारलं, आणि फोनमधली शुद्ध बाई शांतपणे म्हणाली, “या वाहनातील किती स्त्रियांनी अशी स्वाक्षरी केली आहे?”

गाडी खड्ड्यातून गेली, डबे वाजले. मग मागच्या सीटवरून हिरव्या बांगड्यांचा एक हात वर गेला. त्याच्या शेजारचा गेला. मग मधला. दांडी धरून उभ्या असलेल्या दोघींनी दुसरा हात वर केला. ऋतुजानं बाळ एका हातात घेतलं आणि दुसरा वर केला. “लग्न झालं अन् आठव्या दिवशी घेतली माझी,” ती म्हणाली, कुणाकडे न बघता. गंगम्मानंही आपला वाळलेला हात वर केला. “माझा तर अंगठा हाय. कशावर लावला ते बी ठाऊक न्हाई.” बघता बघता गाडीभर हात झाले. पुरुष खिडकीबाहेर सोयाबीनच्या गंज्या बघू लागले. त्या गंज्या ते रोजच बघत होते.

एकट्या अंबिकाचा हात खाली होता. नऊ वर्षं हीच गोष्ट ती लपवत आली होती, चूक केल्यासारखी. आणि आता त्या सगळ्या बाया हात वर ठेवून तिच्याकडे बघत होत्या. त्यांच्या बघण्यात दोष नव्हता, कीवही नव्हती. शाळेत एकटीलाच उत्तर यावं आणि वर्गानं बघावं, तसं बघत होत्या. अंबिकाला छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. आपण भांडखोर नव्हतो, आपण बरोबर होतो, हे तिला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

इनेस पुन्हा बोलली. “आम्हा तीन भावंडांचे घरावरून सहा वर्षे न्यायालयात भांडण चालले. मला माझा वाटा मिळाला. माझा मोठा भाऊ प्रत्येक नाताळला माझ्याकडेच जेवतो आणि माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवतो.”

“त्यांच्याकडं जमिनीला भाव नसंल,” टोपीवाला म्हणाला. पण या वेळी त्याला कुणी साथ दिली नाही.

“अंबिका,” गंगम्मा म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता. “तो दरसाल मोडावर येतो. हॉटेलाच्या मागं लिंबाखाली उभा राहतो. तुजी गाडी गेली की घरी येतो, मंग जेवतो. मल्लम्मा, त्याची बायको, ताट वाढून बसती तवर. मला तिनंच सांगितलं.”

“हात कामून करत न्हाई मंग? गाडी थांबली असती.”

“तू कामून बघत न्हाईस?”

अंबिका पुढे दारापाशी जाऊन उभी राहिली. समोर मोड जवळ येत होता. गंगम्माला तिथंच उतरायचं होतं, म्हणजे गाडी थांबणार हे नक्की. आपण खाली बघायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. बघितलं आणि तो नसला तर? बघितलं, तो असला, आणि त्याच्या खिशात पुन्हा तोच कागद असला तर? भावापायी आपण सही करून बसू, ही भीती तिला जास्त होती. कारण मन मोठं लबाड असतं, ओवाळणीच्या ताटापुढे कशालाही हो म्हणतं. तिनं बेल दिली. चालक व्यंकटरावांनी गाडी बाजूला घेतली.

गंगम्माला हात धरून उतरवावं लागणारच होतं. अंबिका खाली उतरली. नऊ वर्षांत वाघनाळ मोडच्या मातीला तिचे पाय लागले नव्हते. भज्यांच्या हॉटेलामागे लिंबाखाली एक माणूस उभा होता. खांद्यावर टॉवेल, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि केस इतके पिकलेले, की क्षणभर तिला वडीलच वाटले. त्यानं तिला पाहिलं आणि तो चटकन मागे वळला.

“संगमेश,” ती म्हणाली.

तो थांबला. हळूहळू चालत पुढे आला. गाडीच्या सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती.

“सही घ्यायला उभा हाईस का?”

“न्हाई, आक्का.”

“मी सही करणार न्हाई. आजबी न्हाई, उद्याबी न्हाई. हे आधी सांगते, म्हंजे मागून कुणी बोलायला नको.” ती एकेक शब्द नीट उच्चारत होती. “आता बोल. ओवाळून घ्यायचं हाय का तुला?”

संगमेशनं होकारार्थी मान डोलावली. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

मग जे सुरू झालं ते आवरणं व्यंकटरावांच्याही हातात नव्हतं. “गाडीत ज्योत लावायची न्हाई,” अंबिकानं आधीच बजावलं, कारण नियम तो नियम. तेव्हा गाडीच खाली उतरली. हॉटेलाचं बाकडं पूर्वेकडे तोंड करून ठेवलं गेलं. एकीनं फराळाच्या डब्याचं झाकण पुसून ताट केलं, ऋतुजानं कुंकवाची डबी काढली, तांदूळ हॉटेलवालीनं दिले, सुपारी टोपीवाल्याच्या बटव्यातून आली. दिव्यापाशी सगळं अडलं. इनेस गर्दीत शिरली, तिनं पिशवी उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पणती काढली. घरी न्यायला म्हणून ती तिनं लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात घेतली होती. वात गंगम्माच्या कनवटीला निघाली. तेल भज्यांच्या कढईतलं.

“भजी तळलेलं तेल देवाला चालत न्हाई,” कुणीतरी म्हणालं.

“ही देवाची न्हाई, भावाची हाय,” गंगम्मा म्हणाली आणि वाद मिटला.

साडेअकराच्या लखलखीत उन्हात ज्योत दिसतच नव्हती. इनेस वाकून बघू लागली, लागली आहे की नाही. गंगम्मानं तिचा हात धरून पणतीच्या वर नेला. चटका बसला तशी इनेस हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. हजारो मैल ओलांडून ती दिवे बघायला आली होती, आणि हा एक हाताला कळत होता. फोन तिनं पिशवीत टाकला होता.

अंबिकानं भावाच्या कपाळाला कुंकू लावलं. अक्षता चिकटवताना तिचं बोट तिथं जरा जास्त वेळ राहिलं. खाकी कपड्यांत, गळ्यात पैशांची बॅग तशीच, तिनं झाकणाचं ताट तीनदा ओवाळलं. पुरुषांनी टोप्या नीट केल्या होत्या. संगमेशनं खिशात हात घातला, दुसऱ्या खिशात घातला. तो ओवाळून घ्यायला आलाच नव्हता, लांबून बघायला आला होता, त्याच्यापाशी ताटात घालायला काही नव्हतं. त्यानं रिकामे हात गुडघ्यांवर ठेवले आणि खाली बघत म्हणाला,

“आक्का, चिंचेखालचं वावर तुझ्या वाटणीचं. सोयाबीन निघालं त्यातलं. आता त्यात हरभरा पेरू का करडई, तू सांग.”

‘तुझ्या वाटणीचं’ हे शब्द तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईनं ऐकले. अंबिकानं ताट खाली ठेवलं. मालकिणीच्या आवाजात तिनं सांगितलं,

“करडई पेर. हरभऱ्याला मर लागतो तिथं. आप्पाचं दोन साल पीक गेलं होतं, इसरलास का?”

“न्हाई इसरलो.”

“अन् पुढच्या रविवारी मी बघायला येते. मल्लम्माला सांग.”

व्यंकटरावांनी घड्याळ पाहिलं, बारा मिनिटं झाली होती. लोह्यापर्यंत भरून काढतो, म्हणाले. माणसं चढली. पणती बाकड्यावरच ठेवायची असं इनेसनं खुणेनं सांगितलं, आणि हॉटेलवालीनं पणतीपुढे एक भजं ठेवलं.

गाडी चालू लागली. अंबिका मशीन हातात धरून नुसतीच उभी होती. इनेसनं पुन्हा फोन बाहेर काढला. मघाशी तिला ताटात काही पडलेलं दिसलं नव्हतं, आणि भाऊ ताटात काहीतरी घालतो हे तर तिनं दोनदा ऐकलेलं. “तुमच्या भावाने तुम्हाला काय दिले?” फोननं विचारलं.

“त्यानं विचारलं मला,” अंबिका म्हणाली.

फोननं ते सांगितलं. इनेस पुढचं ऐकायला थांबली. पुढचं काही आलं नाही, तेव्हा तिनं हसून मान डोलावली, आणि ऋतुजाकडे पाहिलं. ऋतुजा पदरानं बाळाचं तोंड पुसत होती. ते आधीच पुसलेलं होतं. मागच्या सीटवरच्या हिरव्या बांगड्यांच्या बाईनं खिडकीची काच सरकवली आणि बाहेरच्या रानाकडे बघत बसली.

“कुणाचं तिकीट राहिलंय का?” अंबिकानं विचारलं. आवाज रोजच्यापेक्षा मोठा लागला होता, पण तो कमी करावा असं तिला वाटलं नाही.